मेन न पाडलेलं घर

वानखडे सर तसे कुणाचेच सर नव्हते. अमरावतीच्या आमच्या तंत्रनिकेतनात ते इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होते. शिकवायचं काम आम्हा अधिव्याख्यात्यांचं. उपकरणं काढून देणं, मांडणं आणि पुन्हा कपाटात ठेवणं हे त्यांचं. पण मी रुजू झाले त्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की पोरं ऐकतात माझं, आणि करतात वानखडे सर सांगतील तसं. मला त्याचा राग यायचा. पुढे दोन महिन्यांनी माझ्याच हातून एक पॉवर सप्लाय जळाला. ते जवळ आले, जळका वास घेतला आणि विचारलं, "याचा आवाज कवापासून बदलला होता?" मी म्हटलं, आवाज बदलला होता हेच मला कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मीही त्यांना सर म्हणायला लागले.

"कवापासून?" हा त्यांचा पहिला प्रश्न असे. उपकरण बंद पडलं तरी, शिपायाची पाठ धरली तरी, वसतिगृहातली एखादी मुलगी रडत बसली तरी. काय झालं, कसं झालं, कुणी केलं, हे सगळं नंतर. आधी तारीख, जमलं तर वेळ. ती ते शर्टाच्या खिशातल्या छोट्या वहीत लिहून ठेवत. अमरावतीच्या उन्हातही ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत आणि मनगटाची बटणं लावत. सोल्डरिंगच्या जुन्या डागांनी त्यांचे हात कोपरापर्यंत भरलेले होते आणि त्याबद्दल कुणी विचारलेलं त्यांना आवडत नसे.

त्यांचा एकच नाद होता, हौशी रेडिओ. सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, घरी स्वतःचं रेडिओ स्टेशन उभारायचं आणि जगातल्या आपल्यासारख्याच लोकांशी बोलायचं. त्यातही त्यांना माणसांशी बोलण्यापेक्षा उपग्रह ऐकण्याची ओढ जास्त. विद्यार्थ्यांनी बनवलेले, जेवणाच्या डब्याएवढे उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतात. एका गावावरून जाताना दहा-बारा मिनिटं त्यांचा क्षीण आवाज ऐकू येतो, मग क्षितिजाखाली जातो. लांबून येणाऱ्या गाडीचा भोंगा जसा जवळून गेल्यावर खाली उतरतो, तसा तो आवाज हळूहळू उतरत जातो. सरांनी मला तो पहिल्यांदा ऐकवला तेव्हा मला फारसं काही वाटलं नव्हतं. त्यांचा चेहरा पाहून मात्र वाटलं होतं. एरवी त्या चेहऱ्यावर काही दिसत नसे.

हा आवाज इतका बारीक असतो की शेजारच्या घरातला एक स्वस्तातला चार्जर त्याला बुडवून टाकतो. त्यामुळे हौशी रेडिओवाल्यांचा निम्मा वेळ खरखर शोधण्यात जातो. सरांचा त्यात हातखंडा होता. त्यांचा नियम साधा होता. "पयले आपल्या घरचा मेन पाडाचा," ते सांगत. म्हणजे आपल्याच घरची सगळी वीज बंद करायची, रेडिओ बॅटरीवर चालवायचा आणि ऐकायचं. खरखर गेली तर चोर आपल्या घरात. राहिली तरच दुसऱ्याच्या दारात जायचं. एकदा ऐन दिवाळीत त्यांच्या रेडिओवर भयंकर खरखर सुरू झाली. वीज मंडळाच्या डब्यातून येते असं आम्ही सगळे म्हणत होतो. सरांनी मेन पाडला आणि आवाज गेला. मग एकेक बटण चालू करत ते देवघरापर्यंत पोचले. त्यांनीच हौसेनं आणलेली दिव्यांची माळ होती ती. ही गोष्ट ते स्वतः सगळ्यांना सांगत फिरले.

दुसऱ्याच्या दारात जायची वेळ आली तर त्यांची एक रीत होती. तुमच्यामुळे त्रास होतो असं ते कधी म्हणत नसत. "माह्या रेडिओले जरा तरास होऊन राह्यला, तुमच्याकडे पायू का?" एवढंच. सोबत पिशवीत एक-दोन चांगले अॅडाप्टर असत. एकदा रुक्मिणीनगरातल्या एका शिलाईवाल्या बाईंच्या मशीनच्या दिव्यातून खरखर निघाली. सरांनी दिवा बदलून दिला, वायर नीट केली आणि बाईंनी केलेला चहा उभ्यानंच पिऊन निघाले. बाईंना शेवटपर्यंत वाटत राहिलं की हा माणूस वीज मंडळातून आला होता.

आमच्या प्रयोगशाळेत प्राची नावाची एक मुलगी होती, वरूडच्या संत्र्याच्या बागायतदाराची. हुशार, पण हाताला कंप. सोल्डरिंगची गन धरली की वितळलेल्या कथलाचा थेंब भलतीकडेच पडे. वर्गातली मुलं हसत. सरांनी तिला तीन महिने रोज कॉलेज सुटल्यावर थांबवून घेतलं. मनगट टेबलावर टेकवून, श्वास सोडताना थेंब टाकायला शिकवलं. पुढे ती पदवीसाठी दुसऱ्या राज्यात गेली, आणि तिथल्या कॉलेजच्या मुलांनी जो छोटा उपग्रह बनवायला घेतला त्याच्या बॅटरीचा भाग तिच्याकडे आला. चार वर्षं चाललं ते काम. दर दिवाळीला ती सरांना फोन करून सांगे, आता इथवर आलं, आता तिथवर.

या मधल्या काळात माझी बदली अकोल्याला झाली. सरही निवृत्त होऊन अकोल्याला आले. त्यांच्या पत्नीचं, सुमनवहिनींचं, माहेर अकोल्याचं. कौलखेडकडे त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं, गच्चीवर अँटेना उभी केली. मूलबाळ नव्हतं. वहिनी बोलक्या होत्या. घरात दोघांचं मिळून जे काही बोलणं व्हायचं ते त्याच करत. सर रेडिओ लावून बसले की त्या म्हणत, "इतल्या लांबचं ऐकू येते यायले, अन् सयपाकघरातलं नाही."

दुसऱ्याच हिवाळ्यात वहिनींना धाप लागायला लागली. आधी वाटलं थंडी आहे. मग नागपूरला नेलं, तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की फुफ्फुसं आतून कडक होत चालली आहेत. ते थांबवता येतं, उलटवता येत नाही. आणि वहिनींच्या बाबतीत थांबवण्याचीही वेळ उलटून गेलेली होती. घरी ऑक्सिजनचं मशीन लावावं लागेल असं ते म्हणाले. आजाऱ्यांना अशी मशीनं वापरायला देणारी एक संस्था होती, तिच्याकडून ते मिळालं. छोट्या फ्रिजएवढं, चाकं असलेलं, दिवसभर घुरघुरणारं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढायचं आणि नळीतून वहिनींच्या नाकाला द्यायचं. जेवताना, झोपताना, बोलताना ती नळी नाकाला. वहिनींचं बोलणं कमी झालं, आणि त्या घरात बोलणारं कुणी उरलं नाही.

त्याच सुमाराला प्राचीचा उपग्रह वर गेला.

पहिले पंधरा दिवस तो व्यवस्थित बोलला. मग त्याचा आवाज कमी होत गेला. कधी उन्हात असताना बोले, कधी तेव्हाही नाही. प्राचीच्या कॉलेजचं स्टेशन एकाच जागी. तिथून जे मिळेल ते अपुरं होतं. उपग्रहाच्या संदेशातच त्याच्या बॅटरीची स्थिती असते. तो संदेश पूर्ण हाती आला तर काय बिघडलंय ते कळेल, कदाचित काही करता येईल. म्हणून त्यांनी देशभरातल्या रेडिओवाल्यांना विनंती केली की आपापल्या गावावरून जाताना ऐका आणि जमलं तर ध्वनिमुद्रण पाठवा. प्राचीनं सरांना स्वतः फोन केला. सर मला नंतर म्हणाले, "पोरगी रडत नव्हती, पण आवाज कोरडा झाला होता तिचा."

आणि नेमकी तेव्हाच सरांच्या रेडिओवर खरखर होती. साधी नाही. रेडिओवरचा आवाजाचा जोर दाखवणारा काटा अर्ध्याच्या वर जाऊन बसायचा आणि खाली येत नसे. उपग्रह डोक्यावरून गेला तरी काही ऐकू येईना.

सर खरखर शोधायला निघाले. हातात एक जुना ट्रान्झिस्टर घेऊन ते गल्लीतून फिरत. तो जिथे जास्त ओरडेल तिकडे चोर. आधी विजेचा खांब पाहिला, वायरमनला बोलावून वरचे सांधे घट्ट करून घेतले. नळाच्या दिवशी सगळी गल्ली मोटारी लावते, त्यांचा संशय घेतला. पण नळ काही रोज येत नाही आणि खरखर रोजची होती. कोपऱ्यावरचा कॅमेरा झाला, समोरच्या मंगल कार्यालयाच्या माळा झाल्या. शेवटी ते शेजारी मालोकारांकडे आले.

मालोकारांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. त्यांनी नुकतेच छपरावर सौर पॅनेल बसवले होते. अशा पॅनेलच्या इन्व्हर्टरमधून खरखर निघते हे खरं आहे. पण यावेळी सर नेहमीच्या रीतीनं गेले नाहीत. मी त्या दिवशी वहिनींना भेटायला आले होते, फाटकातच उभी होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. सर आवाज चढवून बोलत होते. त्यांना मी कधी तसं बोलताना ऐकलं नव्हतं. तुमच्या त्या डब्यानं एका पोरीची चार वर्षं पाण्यात चालली आहेत, असं काहीतरी म्हणत होते. मालोकारांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, तुमची खरखर सांजच्याले दिवे लागल्यावर बी राह्यते म्हणता. त्या टायमाले सूर्य राह्यते का?"

अंधार पडल्यावर सौर इन्व्हर्टर बंद असतो हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं होतं.

आम्ही घरात आलो. मी सहज विचारलं, "सर, आपला मेन पाडून पाहिला का?"

ते खुर्चीत बसले होते. आतल्या खोलीत वहिनी झोपल्या होत्या आणि मशीन घुरघुरत होतं. मला माझा प्रश्न तेव्हा कळला, विचारून झाल्यावर. त्यांनी खिशातली वही काढली, मागची पानं चाळली आणि माझ्यापुढे धरली. एका पानावर त्यांच्या बारीक अक्षरात मशीन घरी आल्याची तारीख होती. त्याच्याच खाली, दुसऱ्या दिवशीची, रेडिओत खरखर सुरू झाल्याची. दोन्ही त्यांच्याच हातच्या ओळी. एकाखाली एक लिहिलेल्या ओळी त्यांनी तीन आठवडे वाचल्या नव्हत्या.

"मले ठाव होतं मॅडम," ते म्हणाले. "पण मेन पाडाचा कसा?"

संध्याकाळी ते मालोकारांकडे जाऊन माफी मागून आले. मालोकारांनी मात्र त्याचं काही मनात ठेवलं नाही. उलट वीज गेली तर मशीन बंद पडू नये म्हणून आपल्या घरच्या बॅटरीवरून एक वायर भिंतीवरून सरांच्या खोलीत सोडून दिली.

करता येण्यासारखं सर्व सरांनी केलं. मशीनच्या वायरीवर फेराइटची कडी चढवली. ही काळी कडी खरखर वायरीतच अडवून धरते आणि मशीनला त्यानं काही होत नाही. काटा बराच खाली आला, पण तो उपग्रह त्याहूनही खाली बोलत होता. मी सुचवलं की मशीन उघडून आत फिल्टर बसवता येईल. त्यांच्यासाठी ते तासाभराचं काम होतं. ते म्हणाले, "तिच्या श्वासात मी पेचकस घालणार नाही." मग एकदा मी वहिनींजवळ बसले आणि ते बॅटरीचा रेडिओ घेऊन गावाबाहेरच्या मोकळ्या रानात गेले. त्या फेरीत उपग्रह बोललाच नाही. इकडे वहिनींना न्हाणीघरात जाताना धाप लागली. मी घाबरून गेले, मालोकारांच्या सुनेला हाक मारली, तिनं सावरलं. सर परत आले, ते पाहिलं, आणि त्यानंतर पुन्हा घर सोडून गेले नाहीत.

मार्चमध्ये प्राचीचा पुन्हा फोन आला. उपग्रह आता बहुतेक फेऱ्यांना मुका असतो, ती म्हणाली. येत्या मंगळवारी सकाळी तो बरोबर अकोल्यावरून जाईल, पूर्ण उन्हात असेल, आदल्या फेरीत आम्ही त्याला जोरात बोलायची आज्ञा देऊन पाहू. त्या फेरीत बोलला तर बोलला. हा फोन सरांनी वहिनींच्या खाटेशी बसूनच घेतला. माझं येणं-जाणं असल्यानं मला पुढचं सांगितलं तेही तिथेच. वहिनी डोळे मिटून पडल्या होत्या. आम्हाला वाटलं झोपल्यात.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही गच्चीवर होतो. खरखरीतून जे निघेल ते निघेल, असं सर म्हणाले. ऊन तापलं होतं. स्टुलावर रेडिओ, शेजारी ध्वनिमुद्रणाचं यंत्र. सर हातातली लांब अँटेना आकाशाकडे धरून उभे, आणि मी फोनवर पाहून दिशा सांगत होते. पहिली दोन मिनिटं नुसती खरखर. तिसऱ्या मिनिटाला तिच्या तळाशी काहीतरी टिकटिकल्यासारखं वाटलं. सरांनी मान तिरकी केली, अँटेना जराशी वळवली. आहे, पण ओळखू येत नाही, अशा स्थितीत पुढचं मिनिट गेलं.

आणि मग खरखर थांबली. नळ बंद करावा तशी एकदम थांबली. उपग्रहाचा आवाज गच्चीवर असा स्वच्छ आला की मी दचकले. सरांचा चेहरा उजळला. मी तो पाहिला. एखादा क्षण, त्याहून जास्त नाही. मग तो चेहरा पांढरा पडला, हातातली अँटेना सुटली आणि ते जिन्याकडे धावले.

मला कळायला वेळ लागला. आणि कळल्यावर मी काय केलं ते सांगायला हवं. मी अँटेना उचलली. ती आकाशाकडे धरली आणि उभी राहिले. उपग्रह बोलत होता, मुद्रण चालू होतं, आणि खाली एक बाई श्वासावाचून आहे हे मला माहीत होतं. पाऊण मिनिट मी तशी उभी होते. नंतर खरखर पुन्हा सुरू झाली तेव्हा मला हायसं वाटलं, आणि मगच मी खाली गेले.

वहिनी खाटेच्या कडेला बसल्या होत्या, एक हात मशीनवर. ओठ निळसर झाले होते. सर जमिनीवर गुडघे टेकून त्यांच्या नाकाला नळी लावत होते आणि ती त्यांना लावता येत नव्हती. ज्या हातांनी प्राचीचा कंप घालवला त्या हातांतून नळी दोनदा निसटली. मी पुढे होऊन नळी लावली. वहिनींच्या छातीचा भाता हळूहळू संथ झाला.

"कावून बंद केलं तुनं?" सरांनी विचारलं.

"दहा मिनिटाचं तं काम होतं," वहिनी म्हणाल्या. एकेक शब्द सुटा करून. मग थोड्या वेळानं, "आला का आवाज?"

सरांनी खाटेच्या लाकडी कडेवर कपाळ टेकलं होतं. ते न उचलता म्हणाले, "आला. साफ आला."

वहिनींना बरं वाटलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

त्याच दुपारी सरांनी अँटेना उतरवली. मालोकार मदतीला आले. नळ्या, वायरी, खांब, सगळं त्यांनी नीट बांधून जिन्याखाली ठेवलं. मुद्रण ऐकायचं का म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, "पाठवून द्या प्राचीले." त्यांनी ते कधी ऐकलं नाही. माझ्या त्या पाऊण मिनिटाबद्दलही त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांनी विचारावं असं मला अजून वाटतं.

आठवड्यानं प्राचीचा फोन आला. स्वच्छ भागातून तिला दोन पूर्ण संदेश मिळाले होते. बॅटरीतला एक घट, म्हणजे सेल, सुरुवातीपासूनच निकामी होता. वर गेल्यावर त्याला काही करण्यासारखं नव्हतं. पण काय झालं ते कळलं, पुढच्या तुकडीला उपयोगी पडेल, असं ती म्हणाली. आता तिचा आवाज कोरडा राहिला नव्हता. सरांशी बोलायचंय म्हणाली. सर समोरच होते, त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मग मीच सांगितलं की ते झोपलेत. उपग्रह पुन्हा बोलला नाही. तिला वहिनींचं मी काही सांगितलं नाही. अजूनही तिला ते माहीत नसावं.

वहिनी एप्रिलच्या शेवटी गेल्या. त्या सकाळचा त्याच्याशी संबंध नव्हता. आजार आपल्या गतीनं पुढे गेला होता, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. त्या सकाळमुळे झालं का, हे सरांनी डॉक्टरांना तीनदा विचारलं, वेगवेगळ्या दिवशी. तिन्ही वेळा तेच उत्तर मिळालं. चौथ्यांदा विचारायला निघाले होते, मालोकारांनी अडवलं. त्या दिवसांत मी गेले की ते स्वयंपाकघरात उभे असत. काही करत नसत, नुसते उभे. घर इतकं शांत होतं की ओट्यावरच्या माठातून पाणी ठिबकलेलं बाहेर ऐकू येई.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पातूरला. पुढे पावसाळ्यात मालोकारांचा फोन आला की सर झोपेतच गेले. मी पातूरहून आल्यावर लगेच परीक्षेच्या कामासाठी अमरावतीला गेले ती तिथेच अडकले होते, पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. म्हणून पातूरचंच सांगते.

मशीन संस्थेला परत करायचं होतं. संस्थेनं सांगितलं की पातूरच्या एका माळी कुटुंबातल्या बाईंना ते तातडीनं हवं आहे, तुम्हाला थेट नेऊन देता येईल का. सरांनी मला विचारलं, आणि आम्ही माझ्या गाडीत ते मागच्या सीटवर बांधून नेलं. मे महिना होता. वाटेत प्रत्येक वळणावर सर हात मागे नेऊन मशीन धरत.

गावाच्या कडेला भाजीच्या मळ्यात दोन खोल्यांचं घर होतं. आत खाटेवर साठीच्या बाई उशांना टेकून बसल्या होत्या, वहिनींसारख्याच खांदे वर ओढून श्वास घेत. सून दारात उभी होती. सरांनी तिला मशीन कसं लावायचं, पाणी कुठवर भरायचं, जाळी कधी धुवायची ते सगळं दोनदा सांगितलं आणि तिच्याकडून म्हणवून घेतलं. मग भिंतीवरच्या बोर्डाला मीटर लावून पाहिलं. या घराला अर्थिंगच नव्हतं. वायर नुसती खुंटीला बांधून ठेवलेली. एवढं मोठं मशीन आणि त्याला टेकलेलं आजारी माणूस, ते म्हणाले, असं चालणार नाही.

मला दुपारी कॉलेजात पेपरला हजर राहायचं होतं. मी म्हटलं, उद्या वायरमनला पाठवू. ते म्हणाले, "तुमी जा मॅडम. मी बसनं येतो."

मी गाडीकडे गेले. मागे वळून पाहिलं तर सर घराच्या मागच्या बाजूला होते. मनगटाची बटणं सोडून त्यांनी बाह्या कोपरापर्यंत वर केल्या होत्या. मळ्यातली पहार घेऊन ते भेगाळलेल्या काळ्या मातीत अर्थिंगचा खड्डा खणत होते. माती कडक होती; पहार आपटून बाजूला सरके. सून कळशीनं पाणी आणून त्या जागी ओतत होती, ते जिरेपर्यंत सर पहारीवर दोन्ही हात टेकून खाली पाहत उभे राहत, आणि पुन्हा खणायला लागत.

मी हॉर्न वाजवला. त्यांनी वर पाहिलं नाही.